चांदीची झाडं आणि जहागीर: सुफींची समता गावात कुठवर उतरली?

पाणंद

गेल्या महिन्यात सासऱ्यांना घेऊन वेरूळला गेलो होतो. घृष्णेश्वर झाला, कैलास झाला, ऊन कलायला अवकाश होता म्हणून घाट चढून खुलताबादला गेलो. सगळी गर्दी औरंगजेबाच्या कबरीकडे. तिथे बंदोबस्त, नाव-गाव लिहून घेणं वगैरे. सासरे म्हणाले, "त्याला बघून मला काय करायचंय?" म्हणून रस्त्यापलीकडे बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात शिरलो. आत चिटपाखरू नव्हतं. एक म्हातारेबाबा तेवढे खांबाला टेकून तसबीह फिरवत बसले होते.

त्यांनी आपणहून गोष्ट सांगितली. हजरत गेल्यावर शिष्यांकडे दिवाबत्तीपुरताही पैसा उरला नाही. त्यांनी दुवा मागितली. मग रोज रात्री अंगणातल्या फरशीतून चांदीची झाडं उगवायची. सकाळी तोडायची, बाजारात विकायची, त्यावर सगळ्यांचं भागायचं. पुढे सरकारातून दर्ग्याला जहागीर लागली आणि झाडं यायची थांबली. "कळ्या अजून दिसतात बघा," म्हणून त्यांनी बोट दाखवलं. मला फरशीत काहीतरी चकाकल्यासारखं वाटलं. सासऱ्यांना काहीच दिसलं नाही. ते निवृत्त तलाठी. त्यांनी विचारलं, "जहागीर किती गावांची होती?"

परतीच्या वाटेवर तेच डोक्यात. शाळेच्या पुस्तकात सुफी म्हणजे दोन ओळी: समता, बंधुभाव, उच्चनीच न मानणे. ठीक आहे. पण ही समता गावच्या राजकारणात नक्की काय करून गेली? पाटील, कुळ, बलुतेदार, बाई, यांच्यातलं काही हललं का? माझा कच्चा अंदाज असा: लंगरात, उरुसात, कव्वालीत समता होती तोवर ती राज्यकर्त्यांना चालली, नव्हे आवडली. जमिनीपाशी आली की अडली. आणि जमीन एकदा दर्ग्याच्याच नावावर झाल्यावर तर प्रश्नच मिटला.

खोडून काढा. माहिती असलेल्यांनी लिहा, भावना दुखावलेल्यांनी जरा दमानं.


दख्खनी

चांगला धागा. पण अंदाजात एक गोष्ट सुटलीय. पहिल्या पिढीतले चिश्ती (सुफींचा एक पंथ) राजापासून लांब राहायचे आणि ते लांब राहणं हेच त्यांचं राजकारण होतं. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांची गोष्ट ठाऊक असेल: माझ्या घराला दोन दारं आहेत, सुलतान एकातून आला तर मी दुसऱ्यातून निघून जाईन. निजामुद्दीन १३२५ मध्ये गेले. दोनच वर्षांत मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणायचा घाट घातला आणि त्या लोंढ्यात त्यांची शिष्यमंडळी दख्खनेत उतरली. बुऱ्हानुद्दीन त्यांतलेच. 'गरीब' हे आडनाव नाही, बरं का. परका, निराधार, तोच अर्थ.

त्यांचे वारस झैनुद्दीन शिराझी. बहमनी सुलतान पहिला मुहंमदशहा याने सगळ्या शेखांकडून निष्ठेची शपथ मागितली. झैनुद्दीन म्हणाले, दारू पिणाऱ्याला मी शपथ देत नाही. पुढे दौलताबादेत बंड झालं, ते मोडून सुलतान आला आणि त्यांना बोलावणं धाडलं. हे गेले नाहीत. गुरूच्या कबरीपाशी जाऊन काठी रोवली, सतरंजी अंथरली आणि बसले. उठवून दाखवा. शेवटी सुलतान नमला, राज्यातले दारूचे गुत्ते बंद केले. इतिहासकार फिरिश्ताने हे सविस्तर दिलंय. गंमत म्हणजे याच झैनुद्दीनच्या अंगणात औरंगजेब पुरलेला आहे. राजाला दारात उभं न करणाऱ्याच्या दारात राजा कायमचा येऊन पडला.

पण सगळे असे नव्हते, हेही लिहितो. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं तेव्हा राज्यारोहणाला शेख सिराजुद्दीन जुनैदींचा आशीर्वाद होता. गुलबर्ग्याचे गेसूदराज तर भावाभावांच्या तंट्यातच पडले. फिरोजशहाशी बिनसलं, अहमदशहाला उचलून धरलं, आणि १४२२ मध्ये तोच गादीवर बसला. याला समतेचं राजकारण म्हणायचं की नुसतंच राजकारण, तुम्ही ठरवा.


खडा_सवाल

झालं सुरू. आले तलवारी घेऊन, धर्म वाढवला, आता त्यांना समाजवादी करा. 'सुफी समता' हा अलीकडचा रंग आहे.


दख्खनी

@खडा_सवाल, अर्धं मान्य. विजापूरच्या सुफींवर रिचर्ड ईटन यांनी काम केलंय, त्यांनीच गट पाडलेत: लढवय्ये, धर्मसुधारक, साहित्यिक, इनामदार आणि शेवटी फक्कड दरवेश. म्हणजे लढवय्येही होते, सगळ्यांना एका चादरीखाली झाकता येत नाही. पण मग सगळ्यांना एका तलवारीलाही बांधू नका. आणि धागाकर्त्याच्या प्रश्नाला त्या यादीतला चौथा शब्द जास्त लागू आहे. इनामदार.


जात्यावरची

पुरुषमंडळी राजे आणि शेख यांतून बाहेर येणार असतील तर एक सांगते. ज्या विजापुरात हे सगळं चाललं होतं तिथेच दखनी भाषेत 'चक्कीनामा' नावाचा प्रकार होता. बाया दळताना म्हणायच्या अशी गाणी, सुफींच्या शिष्यवर्गात रचलेली. त्यांत जात्याचा दांडा म्हणजे अलिफ, म्हणजे अल्ला. मधला खुंटा म्हणजे मुहंमद. सूत कातताना म्हणायचे 'चरखानामे' वेगळे. माझी आजी सोलापूरकडची, तिच्या ओव्यांत जात्याला ईश्वर म्हटलेलं मी लहानपणापासून ऐकलंय. खुंटा तोच, देव बदलला एवढंच.

आता यात समता कुठे? दळणारी बाई दळतच राहिली. पहाटे तीनला उठून पायलीभर जोंधळे दळणं कोणत्या शेखाने कमी केलं? पण तिच्या हातातल्या दांड्याला कुणीतरी अलिफ म्हटलं, मशिदीतल्या पोथीतलं अक्षर तिच्या मुठीत आणून दिलं, हेही खरं. मी दोन्ही म्हणते. मला यातलं एक निवडायला सांगू नका.

आणि हाजी अलीचा विषय निघायलाच हवा. मजारीपर्यंत बाया जात होत्या. २०११-१२ च्या सुमारास ट्रस्टने बंद केलं. भारतीय मुस्लिम महिला आंदोलन कोर्टात गेलं, २६ ऑगस्ट २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, ट्रस्ट वर सुप्रीम कोर्टात गेला आणि तिथे ऑक्टोबरात स्वतःच तयार झाला. म्हणजे सुफीच्या दारात बाईला समता मिळाली ती राज्यघटनेच्या १४, १५ आणि २५ व्या कलमाने. सुफीने दिलेली होती, ट्रस्टने काढून घेतली होती.


निमूट

वाचतोय. जात्यावरची यांना +१.


येसकरवाडा

माण तालुक्यातलं आमचं गाव. नाव लिहीत नाही. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला पीरसाहेब. चुना लावलेलं थडगं, वर पत्रा, हिरवा गलेफ (चादर). मारुतीच्या पायरीवर आमच्या आज्याला पाय ठेवायची सोय नव्हती, पण पीराच्या थडग्यावर तो स्वतःच्या हातानं नारळ फोडायचा. कुणी काही बोलायचं नाही. थडग्याला हात लावायला मुलाणीभाईंनी कधी जात विचारली नाही. हे माझ्या आज्याचं सांगणं आहे आणि तो उगाच कुणाची स्तुती करणाऱ्यातला नव्हता.

आता पुढचं. गुरुवारी कंदुरी असायची. नवस फेडणारा बकरं आणायचा, मुलाणी हलाल करायचा, तिथंच चुलाण पेटायचं. निवद दाखवला की पंगत. पंगतीत पाटलाची भावकी पिराच्या समोर, माळी-धनगर त्याच्या मागं, आणि आमची रांग लिंबाखाली, वीस पावलं लांब. वाढपी तिथपर्यंत यायचे, वरून वाढायचे. बकरं एकच, पातेलं एकच, पीर एकच.

म्हणून मला पुस्तकातली ती दोन ओळींची समता वाचली की लिंब आठवतो. देव शिवत होता, जेवण शिवत नव्हतं. पीर काय करणार बिचारा, तो मेलेला. पंगत जिवंत लोक बसवतात.


पाणंद

@येसकरवाडा, तुमच्या प्रतिसादानंतर माझा 'लंगरात समता होती' हा भाग मागे घेतो. लंगरातही वीस पावलं कमी होतीच.


सातबारा

जमिनीचं मी सांगतो, रोजचा धंदाच आहे.

१९४८ च्या कूळकायद्याने आणि नंतरच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कुळं मालक मानली गेली. कसेल त्याची जमीन. पण त्याच कायद्यात कलम ८८-ब आहे. सार्वजनिक पूजास्थानाच्या ट्रस्टची जमीन असेल आणि उत्पन्न त्याच कामी लागत असेल तर दाखला मिळतो आणि खरेदीची कलमं तिथे लागत नाहीत. मंदिर असो, मठ असो, दर्गा असो, नियम एकच. शेजारच्या बांधावरचा बापू मालक झाला आणि देवाचं शेत कसणारा तात्या आजही 'इतर हक्क' या रकान्यात. वर भोगवटादार म्हणून देवाचं किंवा पिराचं नाव, खाली वहिवाटदार पुजारी नाहीतर मुजावर. देवस्थान इनाम वर्ग ३. विकता येत नाही, परवानगीशिवाय गहाण टाकता येत नाही.

बाकीची वतनं एकेक करून गेली: १९५० मध्ये परगणा-कुलकर्णी, नंतर जातइनामं, १९६२ मध्ये पाटीलकी. देवस्थान इनाम राहिलं. मराठवाड्यात शब्द निराळे. तिकडे मदतमाश आणि खिदमतमाश. माणसाच्या पोटासाठी दिलेली ती मदतमाश, दर्ग्या-मशिदीच्या सेवेसाठी दिलेली ती खिदमतमाश. कागदावर हा फरक दोन अक्षरांचा दिसतो, पण निम्मे खटले त्याच्यावर चालतात. खुलताबादच्या म्हाताऱ्याने सांगितलेली जहागीर आज शोधायला गेलात तर या दोन शब्दांच्या मधे कुठेतरी सापडेल.

त्यामुळे धागाकर्त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. फक्त दर्ग्याला वेगळं काढू नका. हीच गत देवीच्या शेताची.


मुलाणीचा_नातू

सगळं वाचून शांत बसणार होतो, पण 'जहागीर' शब्द इतक्यांदा आला की लिहितो. आमच्याकडे जी 'जहागीर' आहे ती साडेतीन एकर जिरायत. चुलत्यांचे धरून अकरा हिस्सेदार. त्यावर पिराची दिवाबत्ती, उरुसाचा संदल, वर्षाला एक गलेफ, पत्रा गळला तर पत्रा. बाजरी झाली तर झाली. आजोबा गावची बकरी कापायचे, जत्रेत प्रत्येक घरचं. त्याबद्दल बलुतं. म्हणजे आम्हीही बलुतेदारच, इनामदार म्हणून कुणी रामराम घालत नव्हतं.

दुसरं, समतेचं. मुसलमानांत जात नाही हे आम्हाला लग्न ठरवताना कळतं. सय्यद वर, आम्ही, अत्तार, बागवान, तांबोळी खाली. दर्ग्यात सगळे एका रांगेत बसतो, सोयरीक निघाली की रांग मोडते. मुस्लिम ओबीसींची चळवळ जालन्यातून उभी राहिली ती याच दुखण्यातून. ती उभी करणाऱ्यांना सुफींची वचनं पाठ होती की नव्हती मला माहीत नाही, मंडल आयोग पाठ होता.

आणि स्थानिक राजकारण म्हणाल तर ते उरूस कमिटीत बघा. कमिटीचा अध्यक्ष गेली कित्येक वर्षं मराठाच असतो. मानाचा गलेफ पाटलाच्या वाड्यातून निघतो, आमच्या घरातून नाही. निवडणुकीच्या वर्षी दोन पॅनेल, दोन गलेफ, दोन बँड. एका वर्षी कुणाचा गलेफ आधी चढवायचा यावरून संदल रात्री दोनपर्यंत वेशीवर थांबला होता. माझे वडील मधे उभे, डोक्यावर चंदनाचं ताट. घोडा कंटाळून खाली बसला. शेवटी दोन्ही गलेफ एकमेकांना शिवून एकच केला. शिंपी रात्री उठवला! पिराचा चमत्कार म्हणतात तो हा.


जात्यावरची

तो शिवलेला गलेफ कुणी जपून ठेवलाय का?


मुलाणीचा_नातू

ट्रंकेत आहे. एक बाजू हिरवी, एक बाजू जरा पोपटी.


उल्हासनगर_तीन

मी सिंधी, जन्म कॅम्प तीनचा, शिक्षण मराठीतून. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

धाग्यात जमीन निघाली आणि सिंधमधल्या झोकचं नाव नाही, म्हणून लिहितोय. माझ्या आजोबांचं घर ठठ्ठ्याच्या बाजूला होतं. आम्ही हिंदू, पण आजी संकटात 'शाह इनायत' म्हणायची. सिंधमध्ये ते काही विशेष नाही.

शाह इनायत सतराव्या शतकाच्या मध्यावर जन्मला. आमच्याकडे सांगतात की तो गुरू शोधत दख्खनेत आला आणि शाह अब्दुल मलिक यांच्यापाशी राहून परत गेला. म्हणजे तुमच्या इथलंच पाणी प्यायलेला माणूस. परत जाऊन त्याने झोकला खानकाह (म्हणजे सुफींचा मठ) घातली आणि फकिरांना घेऊन सामाईक शेती सुरू केली. सगळे राबणार, पिकेल ते सगळ्यांचं. जमीनदाराचा वाटा नाही. 'जो खेड़े सो खाए' हे वाक्य त्याच्या नावावर चालतं. खेडणं म्हणजे नांगरणं. तुमचं 'कसेल त्याची' ते आमचं 'खेड़े'. झोक आजही आहे, पाकिस्तानात, सुजावल जिल्ह्यात.

आजूबाजूची कुळं तिकडे पळायला लागली. आता नीट ऐका, आधी कोण चिडलं? शेजारचे जमीनदार, आणि बुलडीचे सय्यद. ते स्वतः पीर होते, मोठ्या सुफी घराण्याचे. त्यांचे मुरीद (म्हणजे शिष्य) आणि त्यांचे हारी (म्हणजे कुळं) एकच माणसं होती. मुरीद गेला की नांगर पण गेला. त्यांनी मिळून झोकवर हल्ला केला, काही फकीर मारले गेले. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांनी दिल्लीला दाद मागितली आणि बादशाही हुकमाने मारेकऱ्यांची जमीन खुनाची भरपाई म्हणून त्यांना मिळाली. म्हणजे सामाईक शेती अजून वाढली. इथपर्यंत गोष्ट छान.

मग ठठ्ठ्याला नवा सुभेदार आला, आझम खान. त्याने मुघल बादशहा फर्रुखसियरला लिहिलं की हे फकीर राज्य उलथवणार आहेत. मुघल फौज आली, तिथल्या कल्होडा सरदारांची फौज आली, जमीनदार आले. वेढा पडला, कित्येक आठवडे चालला. जिंकता येईना तेव्हा कुराणावर हात ठेवून तहाचं वचन दिलं, शाह इनायतला बोलणीला बाहेर बोलावलं, धरलं आणि जानेवारी १७१८ मध्ये मुंडकं उडवलं. ते दिल्लीला पाठवलं. वाटेत ते शीर कविता म्हणत गेलं असं लोक मानतात, त्याचं काव्यच आहे फारसीत.

दुःखाची गोष्ट सांगून थांबत नाही, पुढचा भाग धाग्याला जास्त लागू आहे. १९३० मध्ये सिंधमध्ये हारी कमिटी निघाली. हैदरबक्ष जतोई तिचे पुढारी झाले, १९५० मध्ये सिंध कूळकायदा झाला. त्या चळवळीने दोनशे वर्षांपूर्वीचा हा फकीर आपला म्हणून उचलला. आणि दुसरीकडे तिथलं निवडणुकीचं राजकारण बघा: हालाचे मखदूम, पीर पगारो, वर पंजाबात मुलतानचे गिलानी आणि कुरेशी. गिलानी २००८ ते २०१२ पंतप्रधान होते, कुरेशी दोनदा परराष्ट्रमंत्री. गादी, जमीन आणि मतं, तिन्ही एकाच घरात. अयुब खानने १९५९ मध्ये वक्फचा वटहुकूम काढून दर्गे सरकारकडे घेतले, दानपेटी गेली. मुरीद गेले नाहीत.

म्हणजे सुफीच्या नावाने लढणारेही निघाले आणि सुफीच्या नावाने मतं घेणारेही. पण मत मागायला येणारा पीर 'जो खेड़े' म्हणत नाही, एवढं माझ्या आजीलाही कळत होतं.


पाणंद

@उल्हासनगर_तीन, शुद्धलेखन सोडा हो. हे मी पहिल्यांदा वाचतोय. 'मुरीद गेला की नांगर पण गेला' या एका वाक्यासाठी धागा काढला असं म्हणेन. माझा अंदाज अर्धवट होता. मला वाटत होतं जहागीर मिळाली की सुफी गप्प होतो. इथे तर जहागीर असलेला सुफीच दुसऱ्या सुफीवर फौज घालतो.


भीमातीर

महाराष्ट्रातलं एक नाव राहिलं. शेख महंमद, श्रीगोंद्याचे. म्हणजे जुन्या चांभारगोंद्याचे. 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयीं गोविंद' हे आमच्या दिंडीत म्हणतात. गुरुपरंपरेत चांद बोधले, ज्यांची समाधी दौलताबादला आहे. त्याच चांद बोधल्यांकडून जनार्दनस्वामी आणि तिथून एकनाथ, अशी परंपरा सांगतात. मालोजीराजे भोसल्यांनी शेख महंमदांना श्रीगोंद्यात जागा दिली, मठ बांधून दिला असं मानलं जातं. त्याच मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. आता हे 'स्थानिक राजकारणावरचा प्रभाव' यात बसतं का? छत्रपतींच्या वडिलांचं नाव बसत नसेल तर काय बसणार.

'योगसंग्राम' वाचा कधी. १६४५ मध्ये पुरा झालेला ग्रंथ. दांभिक गुरू आणि दांभिक फकीर, दोघांनाही त्यात सारखंच झोडपलंय. समता म्हटली तर ही. मार देताना पंक्तिभेद नाही.


खडा_सवाल

शेख महंमद मान्य. ते वारकरी होते, सुफी नव्हते.


भीमातीर

ते स्वतः काय म्हणायचे ते त्यांना विचारायला हवं होतं. साडेतीनशे वर्षं उशीर झाला तुम्हाला.


मलंगच्या_पायथ्याला

कल्याणहून लिहितोय. सुफी आणि राजकारण म्हटल्यावर मलंगगड टाळता येत नाही, जरी टाळावासा वाटतो. रोज गच्चीतून दिसतो.

गडावरच्या हाजी मलंग दर्ग्याचा कारभार केतकर या ब्राह्मण घराण्याकडे परंपरेने आहे. ब्राह्मणाकडे वहिवाट कशी, असा आक्षेप पेशवाईच्या अखेरीस निघाला. ठाण्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे: बाबांचाच कौल घ्यायचा ठरलं, १८१७ मध्ये चिठ्ठ्या टाकल्या, तीनही वेळा काशिनाथपंत केतकरांच्या माणसाची चिठ्ठी निघाली. भांडण तेव्हाही होतं. पण ते कारभार कुणाचा यावर होतं, जागा कुणाची यावर नव्हतं. १९८० च्या दशकात आनंद दिघ्यांनी मच्छिंद्रनाथांची समाधी म्हणून आंदोलन उभं केलं, माघी पौर्णिमेला आरती सुरू झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांनी मलंगगडमुक्तीची भाषा केली.

माझं एवढंच म्हणणं: कधीकाळी सुफींचा राजकारणावर प्रभाव होता का हा तुमचा प्रश्न. आमच्याकडे राजकारणाचा सुफीवर किती आहे ते येऊन बघा. पायऱ्यांवर लिंबूसरबत विकणारे मात्र दोन्हीकडच्या गर्दीला तेच असतात. भगवी गर्दी आली की भगवा रुमाल, हिरवी आली की हिरवा. सरबताचा भाव दोघांना सारखा.


दख्खनी

थोडं अवांतर, पण याच्या उलटं उदाहरण बीदरजवळ आहे. मघाशी गेसूदराजांनी गादीवर बसवलेला म्हणालो तो अहमदशहा, अष्टूरला पुरलाय. लोक त्याला 'वली' म्हणतात, म्हणजे सुलतानाचाच संत झाला. त्याचा उरूस होळीच्या सुमारास भरतो आणि त्यात मान लिंगायत जंगमाचा. तो गुलबर्ग्याकडच्या माड्याळहून चालत येतो, शंख वाजतो. राजकारण करणाऱ्या शेखापेक्षा राजकारणातून बाहेर पडलेला सुलतान लोकांना जास्त जवळचा वाटला की काय, कोण जाणे.


सातबारा

@पाणंद, तुमच्या सासऱ्यांना जहागिरीच्या गावांचा आकडा मिळाला का शेवटी?


पाणंद

नाही. बाबा म्हणाले, "साहेब, झाडं किती होती ते विचारा." सासरे गाडीत बसेपर्यंत गप्प. फुलंब्री गेल्यावर म्हणाले, "आमच्या सज्जात एक पिराचं शेत होतं. कुळाचं नाव लागावं म्हणून तो माणूस सोळा वर्षं माझ्याकडे येत होता. कायद्यात बसत नव्हतं. दर वेळी येताना वाळकं घेऊन यायचा." पुढे काही बोलले नाहीत.

@येसकरवाडा, एक विचारायचं राहिलं. ती लिंबाखालची रांग कधी हलली? की अजून तिथेच आहे?


येसकरवाडा

चुलतीला फोन लावून विचारलं, मलाही नक्की माहीत नव्हतं.

ती म्हणाली, बाहत्तरला. त्या साली कंदुरी झालीच नाही, बकरीच उरली नव्हती. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला. पाटलाच्या सुना, माळणी, आमच्या बाया, मुलाणीण, सगळ्या एका रांगेत, डोक्यावर पदर ओढून. सुकडी वाटायचे ती एकाच पिपातून. पहिले चार दिवस कुणीकुणी फडक्यात बांधून लांब जाऊन खाल्ली. मग उन्हात तेवढं चालायचं त्राण राहिलं नाही. दगडावरच बसून खायला लागल्या, जिथं जागा मिळंल तिथं.

पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा कंदुरी झाली. वाढपी सवयीनं बादली घेऊन लिंबाकडं निघाला तर तिथं कोण नव्हतंच. चुलती म्हणते, आम्ही काही ठरवून केलं नव्हतं, जिथं बसलो तिथं बसलो. पाटलाच्या थोरल्या सुनेनं फक्त मांडी जराशी आवळून घेतली. जागा करायला का शिवू नये म्हणून, ते चुलतीला तेव्हाही कळलं नाही आणि आताही सांगता येत नाही म्हणाली.

लिंब आहे अजून. उरुसाला त्याच्याखाली जनरेटर ठेवतात.